चालणाऱ्या माश्या

बाबा गाव सोडून माझ्याकडे ऊर्जानगरला राहायला आले तेव्हा त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला स्टीलचा डबा. पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. डबा दिला नाही.

डब्यात बेडूक होता. खरखरीत पाठीचा, मातीच्या रंगाचा, मुठीएवढा. आमचं गाव मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेपासून दोन शेतं आत. तिथल्या घरात पाण्याच्या रांजणाखाली तो राहायचा. किती वर्षं, कोणालाच सांगता आलं नसतं. एक मेला की दुसरा येऊन बसत असेल, पण आई त्याला एकच समजायची. संध्याकाळी तो सरकत बाहेर आला की ती चुलीपासूनच म्हणायची, "आला काय जेवाले?" आणि दिव्याखाली पडलेले किडे झाडूनं त्याच्याकडे लोटायची.

आई माघात गेली. ऑपरेशन होतं, आणि आदल्या संध्याकाळपासून पोटात काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं. ती रात्रभर भात मागत होती. भात आणि झिंगे, वैनगंगेतले सुकवलेले बारीक झिंगे, तिचा जीव की प्राण. बाबा तिच्या उशाशी बसून "सकाळी देतो, सकाळी देतो" म्हणत राहिले. ऑपरेशनच्या आधीच ती गेली. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, बाबांचंही नाही. पण ती उपाशी गेली, एवढी एकच गोष्ट बाबांनी तिच्या मरणातून उचलून ठेवली.

मी वीजकेंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. लग्न केलेलं नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं मोरी, समोर कडुनिंब. रानातला जीव घरात कोंडणं मला पटत नव्हतं आणि मी तसं बोललेही. बाबा म्हणाले, "तो तिच्याजवळचा हाय. घर बंद, रांजण कोरडा. त्याले कोणाच्या भरोशावर सोडू?" बदली होऊन गेलेल्या एका शेजारणीनं माशांची जुनी काचपेटी माझ्याकडे टाकली होती. बाबांनी तिच्यात वीतभर माती भरली, वर पळसाचा वाळलेला पाला, एका कोपऱ्यात फुटक्या मडक्याचं खापर, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची थाळी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं पितो, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्याच्यासाठी एक बादली दिवसभर उघडी ठेवून मगच वापरायची, हा नियम मी घालून दिला. माझं तेवढंच.

चैत्र लागला. आमच्याकडचा उन्हाळा असा की अकरा वाजल्यापासून कॉलनीत माणूस दिसत नाही. सकाळच्या शिफ्टची बस मला अडीचच्या सुमाराला कोपऱ्यावर सोडायची. तिथून घरापर्यंत चालताना फक्त कुलरचे आवाज, प्रत्येक खिडकीतून एकसारखे.

अशाच एका दुपारी दाराशी चप्पल काढताना मला बाबांचा आवाज आला. ते कोणाशी तरी बोलत होते. "मीठ कमी पडलं का?" असं काहीतरी. मग थांबले. आणि त्या थांबण्यात, आतून, खालच्या पट्टीत, कुर्र असा आवाज आला. बाबा म्हणाले, "बरं."

मी आत गेले. ते त्यांच्या खोलीत पेटीसमोर वेताच्या मोड्यावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "आली? हात धू, जेव."

नर बेडकाला बगलेशी धरलं की तो असा कुरकुरतो, हे मी नंतर वाचलं, आणि बाबा त्याला हातात घेत असतील अशी मनाची समजूत घातली. पण चार-पाच दिवसांनी मी मुद्दाम पाय न वाजवता आले. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. पेटीवर जाळीचं झाकण होतं. त्यांनी विचारलं, "आज ऊन लागलं का?" आणि खापराखालून आवाज आला.

मी परत दारात गेले आणि या वेळी चप्पल जोरात आपटून आत आले.

माश्या दिसल्या त्या याच आठवड्यात. घरातल्या माशीपेक्षा खूपच लहान, पाठीला बारीक कुबड असलेल्या. विचित्र म्हणजे त्या उडत नव्हत्या. पेटीच्या काचेवरून चालायच्या, तुरुतुरु धावायच्या, मधेच थबकायच्या, पुन्हा धावायच्या. काचेवर बोट आपटलं तरी उडायच्या नाहीत, फक्त दिशा बदलायच्या. पहिल्या दिवशी पाच-सहा. मग मोजण्याच्या पलीकडे. दुपारच्या उजेडात काच आतून हलतेय असं वाटायचं. बेडूक कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं दोन-तीन माश्या फिरत असायच्या. त्यानं खाणं सोडलं. बाबा लाकडाखालची वाळवी आणून समोर सोडायचे, ती त्याच्या पायांवरून निघून जायची.

"बाबा, त्याले काही झालं हाय," मी म्हटलं.

"त्याले काई नाई झालं. माती हालते, म्हणून तो घाबरते."

"माती कशी हालेल?"

"दुपारी पाह्य तू. बारीक पाह्य."

म्हातारपणी नजर दगा देते, असं म्हणून मी विषय सोडला.

माझ्याकडे धुणंभांडी आणि झाडपुसीला एक बाई येतात. माझ्याहून मोठ्या, जंगलातल्या गावच्या, घरी गोंडी बोलणाऱ्या. त्यांनी एक दिवस बाबांची खोली न झाडताच केरसुणी ठेवून दिली.

"ती खोली राह्यली, बाई," मी म्हटलं.

"ताई, तिथी मी नाई झाडत." त्यांनी आवाज खाली आणला. "म्हातारबा एकटे नाई बसत तिथी."

"बेडूक आहे हो."

"बेंडूक मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, आणि भांड्यांकडे वळल्या.

माश्यांच्या पाठोपाठ मुंग्या आल्या. खिडकीच्या चौकटीतून एक काळी रांग, भिंतीवरून पेटीखालच्या टेबलाच्या पायापर्यंत, पायावरून थेट पेटीत. बेडूक मुंग्या खातो, पण शेकडोंच्या संख्येनं आलेल्या मुंग्या झोपलेल्या बेडकाला खातात. मला भीती वाटली. आणि त्या भीतीत मी तेच केलं जे करू नये हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला पहिल्यांदा कळायला हवं. बाबा बाहेर निंबाखाली बसलेले पाहून मी किडे मारायचा फवारा घेतला. पेटीवर नाही मारला, एवढी अक्कल शाबूत होती. पेटीवर ओलं फडकं टाकलं आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं, चौकटीवर, मुंग्यांच्या बिळावर मारला.

कुलर त्याच खिडकीत होता. बाहेरची हवा ओढून आत फेकणं हेच त्याचं काम. त्यानं तो सगळा वास ओढला आणि सरळ पेटीवर सोडला. मी आत येईपर्यंत फडकं उडून पडलं होतं.

बेडकाचे मागचे पाय ताठ झाले होते. पूर्ण लांब, माणूस आळस देतो तसे, आणि बोटं थरथरत होती. तोंड उघडझाप करत होतं. मी कुलर बंद केला, दारं उघडली आणि ओरडले, "बाबा!"

बाबा आले. त्यांनी बेडूक उचलला, मी बादलीतलं शिळं पाणी आणलं, आणि मोरीत बसून आम्ही त्याला धूत राहिलो. ओंजळीनं पाणी, पुन्हा पाणी, पोटावरून, मांड्यांवरून. किती वेळ, सांगता येणार नाही. बाबांच्या हाताचा दाब त्याच्या बगलेला होता, तरी त्यानं आवाज काढला नाही. मग केव्हातरी त्याचा एक पाय हळूच दुमडला. मग दुसरा.

बाबांनी त्याला ओल्या फडक्यात ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिलेबी असंच धुतलं होतं," ते म्हणाले. "शेवटी."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बेडकाला त्यांनी पुन्हा पेटीत ठेवलं, आणि त्याच्याशी मात्र बोलत होते.

माझी कॉलेजातली मैत्रीण वडसाला जीवशास्त्र शिकवते. तिला फोन करून मी सगळं सांगितलं, फवाऱ्यासकट. तिनं शिव्या घातल्या, मग शांतपणे विचारलं, "चालणाऱ्या माश्या? उडत नाहीत?"

"नाही."

"मग आत काहीतरी कुजतंय. मांस. ही माशी नुसत्या मातीवर नाही वाढत. औषध-बिषध विसर, कापूर नाही, मुंग्यांचा खडू नाही, निंबाचं तेलसुद्धा नाही. माश्या मारत बसू नकोस. त्या काय खातायत ते शोध आणि काढ."

आत कुजण्यासारखं काय असणार? बेडूक एकच होता. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. जेवणानंतर बाबा पुढच्या खोलीत आडवे झाले. मी पेटीसमोर मोड्यावर बसले. कुलर बंदच ठेवला होता. बाबांनी सांगितलं होतं तसं, बारीक पाहिलं.

माती हलत होती.

खापराच्या भोवती, पाल्याखाली, मातीचा एक पापुद्रा वर यायचा आणि खाली बसायचा. श्वास घेतल्यासारखा. मग शेजारचा. मी हात पाण्यात ओले केले, साबण न लावता, बेडकाला उचलून एका टबात ओल्या सुती कापडावर ठेवलं आणि वर मलमलीचं फडकं बांधलं. मग मोठा चमचा घेऊन उकरायला लागले.

दोन बोटं खाली चमच्याला पान लागलं. पळसाचं, घडी घातलेलं, दोऱ्यानं बांधलेलं, सुपारीएवढं पुडकं. त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं. सगळी पुडकी बेडकाच्या जागेभोवती गोल मांडलेली होती, पंगतीला पानं मांडावी तशी, आणि त्या गोलाखाली अजून एक गोल. खालची पुडकी काळी, ओलसर. वरची ताजी. मी एक सोडलं.

आत चिमूटभर भात होता. भात हलत होता. शीत कोणतं आणि अळी कोणती ते कळत नव्हतं, दोन्ही पांढरी, दोन्ही तेवढीच. मध्ये एका झिंग्याचं टरफल, आतून पोखरून स्वच्छ झालेलं.

"झाकून दे," मागून बाबा म्हणाले.

मी वळले नाही. "हे किती दिवसांचं हाय?"

"आलो तेव्हापासून. रोज एक घास. तिच्या वाट्याचा." ते जवळ येऊन उभे राहिले. "पयल्यांदा वर ठेवत होतो. तो तसाच राहे, सुकून जाये. मंग मातीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं अर्धा झाला होता. तिसऱ्या दिवशी नुस्तं पान. ती खाऊन राह्यली, पोरी."

कुलरच्या ओल्या गवताच्या वासाखाली मला महिनाभर दुसरा वास आला नव्हता. आता तोच एक वास होता. त्या अळ्यांकडे बोट दाखवणं सोपं होतं. मी दाखवलं नाही. एवढंच म्हटलं, "बाबा, याच्यानं तो मरून जाईल. तिच्याजवळचा तेवढाच उरला हाय ना?"

त्यांनी टबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग तिचा घास कुठी ठेवू?"

कामाच्या बाई भांडी घासून दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पुडकी पाहिली आणि अजिबात दचकल्या नाहीत. "आमच्याइथी मेलेल्याले घरात जागा देतेत, म्हातारबा," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात बसवतेत, खाऊ घालतेत. पण वरून झाकण नाई लावत."

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्या घरातलं पहिलं शहाणं वाक्य कोणी बोललं होतं.

त्या दुपारपासून बाबाच कामाला लागले. पुडकी त्यांनी स्वतः एकेक करून काढली, कॉलनीच्या कुंपणापलीकडे खोल खड्डा करून पुरली. पेटीतली सगळी माती पिशव्यांत बांधून बाहेर गेली, एक मूठही ठेवली नाही. काच मी कढत पाण्यानं धुतली, फिनाईल न वापरता, मग व्हिनेगरनं पुसली आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. खापर आणि थाळी उकळून काढली. नवी माती बाबांनी नाल्याकाठून, जिथं कोणी फवारत नाही तिथून, आणली, ओली केली आणि गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकखाली पातळ पसरली. आमच्या वैशाखात गच्चीवर अनवाणी पाऊल टेकत नाही. आठ दिवस ती माती तशी भाजली. रोज दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून ते वर जायचे, माती खालीवर करायचे. "धानाच्या बियाले ऊन देतो तसं हाय हे," असं त्यांनी मला ऐकवलं. त्या दुपारनंतरचं हे त्यांचं पहिलं लांब वाक्य. वरचा पाला उकळून वाळवला.

मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. दूधदुभत्याच्या कपाटाला गावी हेच करायचे, मला सुचलं नव्हतं. खोलीत उरलेल्या माश्यांसाठी बाईंनी ओंजळभर मोहफुलं आणली. ती बरणीत भिजवली, आंबली की असा वास सुटतो की माशीला आत शिरल्याशिवाय राहवत नाही. बरणीच्या तोंडावर कागदाचा शंकू, टोकाला बारीक भोक. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. पेटीत नाही, तिच्यापासून लांब, स्वयंपाकघराच्या खिडकीत. पहिल्या दोन दिवसांत बरणीचा तळ काळा झाला.

या सगळ्या काळात बेडूक टबात होता. रोज कापड बदलायचं, खाल्लं नाही तर सोडलेली वाळवी तासाभरात काढून घ्यायची. एकही किडा त्याच्याजवळ रेंगाळू द्यायचा नाही. सहाव्या दिवशी त्यानं एक झुरळ गिळलं. गिळताना बेडकाचे डोळे आत जातात, ते मी लहानपणानंतर पहिल्यांदा जवळून पाहिलं. बाबा हसले. माघानंतर पहिल्यांदा.

माश्या एकदम गेल्या नाहीत. कोशातून उशिरा निघालेल्या दोन-चार, दोन-चार, तीन आठवडे दिसत राहिल्या. मग एके दिवशी काच स्थिर दिसली. आईचा घास बाबा आता निंबाच्या पारावर, उघड्यावर ठेवायचे. कोण खातं ते पाहायला थांबत नव्हते. आणि कामाच्या बाईंनी एका सकाळी, मी न सांगता, ती खोली झाडली.

एक गोष्ट सांगायची राहिली. पेटी नव्यानं भरली त्या दिवशी मी मुद्दाम बाबांच्या मोड्यावर बसले आणि ते विचारायचे तसंच विचारलं, "मीठ कमी पडलं का?" बेडूक माझ्याकडे पाहत बसला. मी पुन्हा विचारलं. काही नाही. मला हायसं वाटलं की वाईट वाटलं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

पाऊस सुरू होऊन धानाच्या रोवणीची वेळ आली आणि बाबा म्हणाले, "मले गावाले जायचं हाय. त्यालेबी." मी अडवलं नाही. मीच सुट्टी काढून त्यांना पोचवायला गेले. घर उघडलं, रांजण धुऊन भरला, त्याच्या बुडाशी पाणी झिरपायला लागलं. बाबांनी बेडूक जमिनीवर सोडला. तो उडी न मारता चालत गेला, एकेक पाय टाकत, आणि रांजणाच्या मागच्या अंधारात शिरला.

आम्ही ओसरीत बसलो. बाहेर धानाच्या बांधीत पाणी साचलं होतं. मी धीर करून बोलले. "बाबा, ते घास अळ्या खात होत्या."

"ठाऊक हाय."

"ठाऊक होतं?"

"मी शेतकरी माणूस हावो, पोरी. अळी मले दुसऱ्याच दिवशी दिसली होती."

"मंग काऊन ठेवत राह्यले?"

बाबा बांधीकडे पाहत होते. "कोणी तं खाऊन राह्यलं होतं," ते म्हणाले. "माह्या हातचं कोणी तं खाऊन राह्यलं होतं."

मी दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीनं परतले, कारण दुपारची ड्यूटी होती. बाबा गावीच राहिले. पुतण्याच्या घरून डबा येतो, शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं आहे, फोनवर ते पावसाचं आणि धानाचं बोलतात. रिकामी काचपेटी मी अजून कोणाला दिलेली नाही. ती मागच्या मोरीशेजारी उपडी पडून आहे, आणि तिच्यावर मी धुतलेली बादली वाळायला ठेवते.